ताण : संकल्पनेचा इतिहास

ताण : प्रतिकूल परिस्थितीशी सामना करताना शरीरात व मनात निर्माण होणारी अवस्था. मराठीत हा शब्द पडणारा भार आणि त्याने होणारा परिणाम या दोहोंसाठी वापरला जातो. इंग्रजीतही तोच घोटाळा झाल्याने पुढे कारणासाठी ‘ताणकारक’ या अर्थाची वेगळी संज्ञा घडवावी लागली.

हार्व्हर्ड विद्यापीठातील वॉल्टर ब्रॅडफर्ड कॅनन (१८७१–१९४५) या विषयाकडे वळले ते पचनाच्या अभ्यासातून. १८९७ च्या सुमारास क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या जठराच्या हालचाली पाहत असता, मांजर अस्वस्थ झाले की त्या हालचाली थांबतात, असे त्यांना आढळले. भीती वा क्रोध यांच्या वेळी अनुकंपी तंत्रिका तंत्र व अधिवृक्क ग्रंथीतील ॲड्रेनॅलीन यांमुळे हृदयाची गती वाढते, यकृतातील शर्करा रक्तात उतरते, रक्त पचनेंद्रियांकडून स्नायूंकडे वळते व ते लवकर साखळते. लढण्याची अथवा पळण्याची ही सिद्धता होय, असे त्यांनी १९१५ मधील ग्रंथात प्रतिपादन केले. काही मिनिटांच्या संकटात ती उपकारकच ठरते.

संकट मिनिटांत न संपता महिनोन्‌महिने टिकले तर काय, या प्रश्नाला वाट मिळाली ती हान्स सेल्ये (१९०७–८२) यांच्या फसलेल्या संशोधनातून. माँट्रिऑलच्या मॅक्‌गिल विद्यापीठात ते नवे लैंगिक हॉर्मोन शोधीत होते. अंडकोशाचा अर्क टोचलेल्या उंदरांत अधिवृक्क ग्रंथी मोठ्या झाल्या, यौवनलोपी ग्रंथी आक्रसली आणि जठरात व्रण पडले. मात्र फॉर्मॅलिन टोचल्यावरही तेच घडले. थंडी व अतिश्रम यांचाही परिणाम वेगळा नव्हता. हॉर्मोनाची आशा मावळली. पण कारण कोणतेही असो, शरीराची प्रतिक्रिया एकच असते, हा निष्कर्ष सेल्ये यांनी १९३६ मध्ये ‘नेचर’मधील छोट्या टिपणात मांडला. धोक्याची सूचना, प्रतिकार व परिक्लांती असे तिचे तीन टप्पे त्यांनी कल्पिले.

सेल्ये यांचा सिद्धांत मूळ स्वरूपात टिकला नाही. जॉन मेसन यांनी माकडांवरील प्रयोगांतून दाखविले, की उपवासाबरोबर येणारी मानसिक अस्वस्थता टाळली, तर अधिवृक्क ग्रंथीची अपेक्षित प्रतिक्रिया उमटत नाही. म्हणजे घटनेइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व तिच्या आकलनाला आहे. पचनज व्रणांचे खापरही दीर्घकाळ ताणावर फोडले जाई. १९८२ मध्ये बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी त्यांमागील जंतू शोधून काढला व ती समजूत बव्हंशी मोडीत निघाली. सेल्ये यांना तंबाखू-उद्योगाकडून अर्थसाहाय्य मिळत होते, हे त्या उद्योगाची कागदपत्रे खुली झाल्यावर उघड झाले. हृद्‌रोगाचा दोष धूम्रपानावरून ताणाकडे वळणे त्या उद्योगाच्या सोयीचेच होते.

ताण हा वरिष्ठांचा आजार, ही समजूतही अशीच खोटी ठरली. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६७ मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल पाहणीत सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांत हृद्‌रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वोच्च श्रेणीच्या ३·६ पट आढळले. धूम्रपान, रक्तदाब इत्यादींनी या तफावतीचा केवळ काही भागच उलगडतो. १९८५ पासूनच्या दुसऱ्या पाहणीत मायकेल मार्मट व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या कामावर ताबा नसणे हे एक प्रमुख कारण दाखविले.

मेंदूवरील परिणामांचे ज्ञान मुख्यतः ब्रूस मॅक्‌एवन (१९३८–२०२०) यांच्यामुळे झाले. अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकातील हॉर्मोन उंदराच्या मेंदूत, स्मृतीशी निगडित हिप्पोकँपस या भागात धरून ठेवले जाते, हे त्यांनी १९६८ मध्ये दाखविले. या हॉर्मोनाने अल्पकाळ शक्ती मिळते; ते दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास रक्तदाब व रक्तशर्करा वाढतात आणि रोगप्रतिकारक्षमता घटते. या साचत जाणाऱ्या झिजेची संकल्पना मॅक्‌एवन व एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये मांडली. चिरकारी ताणाने उंदरांच्या हिप्पोकँपसमधील कोशिकांच्या शाखा आखडतात, परंतु ताण थांबल्यावर त्या पुन्हा वाढतात. भीतीशी संबंधित अमिग्डाला या भागात मात्र उलट घडते. बंगलोरच्या राष्ट्रीय जीववैज्ञानिक विज्ञान केंद्रातील सुमंत्र चट्टर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांना तेथील शाखा ताणाने वाढलेल्या आढळल्या आणि ताणमुक्तीनंतर तीन आठवड्यांनीही ती वाढ तशीच होती.