पिंजाऱ्याच्या छातीतला भाता

माझी फुप्फुसांशी पहिली ओळख बकरी ईदच्या दिवशी झाली. मी सात-आठ वर्षांचा असेन. कुर्बानीनंतर अब्बा गळ्याच्या नळीसकट फोपसं अलगद बाजूला काढत आणि आम्हा पोरांना हाक मारत. एकदा चाचांनी त्या नळीला सायकलचा पंप लावला. दोन दांडे मारले तशी ती मऊ, गुलाबी वस्तू फुगून दुप्पट झाली आणि पंप काढताच सुस्कारा टाकून पुन्हा बसली. मग ती पाण्याच्या बादलीत टाकली. कलेजी तळाशी गेली, फोपसं मात्र तरंगत राहिलं. "यात हवा असते, मेल्यावरही सगळी निघत नाही," अब्बा म्हणाले. अब्बा चौथी शिकलेले. जळगावजवळच्या एका जिनमध्ये कामाला होते. ते वाक्य बोलताना ते मधेच खोकले होते असं मला आठवतं. कदाचित तो खोकला त्या आठवणीत मी नंतर घातला असेल.

आम्ही जातीनं पिंजारी. आजोबा, म्हणजे आमचे दादामियां, दसरा झाला की खांद्यावर पिंजण घेऊन पारोळ्यापासून धुळ्यापर्यंतच्या गावांत फिरत. तातीवर लाकडी ठोकळा बसला की जो टणत्कार होई, तो ऐकून बायाबापड्या जुन्या गाद्या-रजया अंगणात आणून टाकत. काम आडोशाला, कारण वारा लागला तर कापूस उडतो. त्यामुळे सगळी धूळ पिंजाऱ्याच्या नाकातोंडात. दादामियां तोंडाला फडकं बांधत आणि रात्री गुळाचा खडा चघळत. पिंजाऱ्यांतले पुष्कळजण स्वतःला मन्सुरी म्हणवतात. इसवी सन ९२२ मध्ये बगदादेत ज्याला देहान्त शिक्षा झाली, त्या सूफी मन्सूर अल हल्लाजशी ते आपलं नातं सांगतात. हल्लाज म्हणजे कापूस पिंजणारा. कवी म्हणून मला हे नातं आवडतं. पण आज बोलायचं आहे ते सूफींच्या श्वासाबद्दल नाही, हाडामांसाच्या श्वासाबद्दल.

आपण दर मिनिटाला बारा ते सोळा वेळा श्वास घेतो. दिवसाचा हिशोब केला तर सुमारे दहा हजार लिटर हवा. ही हवा नाकातून घशात आणि घशातून श्वासनळीत उतरते. श्वासनळी दहा-बारा सेंटिमीटर लांब असते. तिच्यावर कूर्चेच्या सोळा ते वीस कड्या असतात, पण एकही कडी पूर्ण गोल नसते. मागच्या बाजूला, जिथे अन्ननलिका टेकते, तिथे ती उघडी असते. छातीत गेल्यावर नळीला दोन फाटे फुटतात. उजवा फाटा डाव्यापेक्षा रुंद, आखूड आणि सरळ. म्हणून रांगत्या पोराला ठसक्यातून शेंगदाणा गेला तर तो बहुधा उजवीकडे सापडतो. शेंगदाण्याच्या आपल्या मुलखात प्रत्येक आईनं हे लक्षात ठेवावं. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन, कारण डावीकडे हृदयाला जागा करून द्यावी लागते. पुढे फाट्याला फाटे असे वीस-बावीस वेळा फुटत जातात आणि शेवटी येतात वायुकोश. त्यांची संख्या तीस कोटी असं पूर्वी सांगत, २००४ मधल्या एका मोजणीत सरासरी अठ्ठेचाळीस कोटी भरली.

या सगळ्या पसाऱ्याभोवती दुहेरी पडदा असतो. आतला पदर फुप्फुसाला चिकटलेला, बाहेरचा बरगड्यांना, आणि मधे चमचा-दोन चमचे द्रव. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या तर सरकतात, पण सहज सुटत नाहीत, तसंच हे. छाती फुलली की हा पडदा फुप्फुसाला आपल्याबरोबर ओढून नेतो. मधे हवा शिरली की फुप्फुस आकसतं, चाचांनी पंप काढल्यावर आकसलं तसं. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. बाहेरच्या पदराला वेदना कळते, आतल्याला नाही. फुप्फुसालाही नाही. ते झिजत राहतं आणि दुखत नाही.

हे ज्ञान माणसाला सहज मिळालेलं नाही. सुश्रुतसंहितेत मृतदेह वाहत्या पाण्यात ठेवून, मऊ झाल्यावर थर थर काढत पाहण्याची रीत सांगितली आहे. तरीही तिथे फुप्फुस हृदयाच्या डाव्या अंगाला आणि 'क्लोम' नावाचा अवयव उजवीकडे सांगितला आहे, आणि क्लोम म्हणजे नक्की काय यावर पंडितांचा वाद आहे. ग्रीक वैद्य गेलन यानं माकडं आणि डुकरं कापून माणसाचं शरीर सांगितलं. जनावरावरून माणूस ओळखला की चुका होतातच. आमच्या ईदच्या बकऱ्याच्या श्वासनळीला मुख्य दोन फाट्यांच्या आधीच उजवीकडे एक जादा फाटा असतो, तो माणसाला नसतो. गेलनची मोठी चूक वेगळी होती. हृदयाच्या मधल्या पडद्याला न दिसणारी छिद्रं असतात आणि त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपतं, असं तो म्हणाला. इब्न सीनासारखा हकीमही त्याच वाटेनं गेला. हजार वर्षं ती छिद्रं कुणी पाहिली नाहीत आणि कुणी नाकारलीही नाहीत.

ती नाकारली इब्न अल नफीसनं. जन्म दमास्कसजवळचा, हयात गेली कैरोत. १२४२ मध्ये, वयाच्या तिशीच्या आत, त्यानं इब्न सीनाच्या शरीररचनेवर टीका लिहिली आणि तीत स्पष्ट मांडलं, की मधला पडदा भरीव आहे. रक्त उजव्या कप्प्यातून फुप्फुसात जातं, तिथे हवेशी मिसळतं आणि मग डाव्या कप्प्यात येतं. धर्माज्ञा आणि मनातली दया यांमुळे आपण देहच्छेदन टाळतो, असं तो स्वतःच म्हणतो. मग त्याला हे कळलं कसं, यावर अजून वाद चालतो. १२८८ मध्ये तो वारला. घर आणि ग्रंथ कैरोच्या मन्सुरी रुग्णालयाला दिले होते. हे मन्सुरी सुलतान मन्सूर कलावूनच्या नावाचं, आम्हा पिंजाऱ्यांचं नव्हे. तरी वाचताना मला उगाच बरं वाटलं. त्याची टीका विस्मरणात गेली. युरोपात सर्व्हेटसनं हीच गोष्ट १५५३ मध्ये छापली. त्याच वर्षी धर्मविरोधी मतांसाठी त्याला जिनिव्हात जिवंत जाळलं. कोलंबोनं १५५९ मध्ये ती मांडली, हार्वेनं १६२८ मध्ये साऱ्या देहाचं रक्ताभिसरण सांगितलं आणि माल्पिगीनं १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या पाहिल्या. इब्न अल नफीसचं हस्तलिखित १९२४ मध्ये एका इजिप्शियन डॉक्टरला, मुहयिद्दीन अल ततावीला, बर्लिनच्या ग्रंथालयात सापडलं.

पण माझ्या लेखी या इतिहासातला सर्वांत मोठा माणूस रामाझ्झिनी. इटलीतला वैद्य. १७०० साली त्यानं कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला काय काय विचारावं याची जी जुनी यादी होती, तिच्यात त्यानं एका प्रश्नाची भर घातली: तुझा धंदा काय? जवस आणि अंबाडीसारखे तंतू पिंजणाऱ्यांना धुळीनं खोकला आणि धाप लागते, हे त्यानं नोंदवलं आहे. दादामियांचं पिंजण त्यानं पाहिलं असतं तर लगेच ओळखलं असतं.

पुढची गोष्ट खानदेशातूनच जाते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वेही त्याच दशकात खानदेशात पोहोचली. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव इथे जिन, प्रेस आणि पुढे गिरण्या उभ्या राहिल्या. अमळनेरच्या गिरणी कामगारांसाठी साने गुरुजी झटले, हे आपण जाणताच. तर त्या लँकेशायरमध्ये कापूस पिंजण्याच्या खात्यातल्या कामगारांना सोमवारी छाती आवळल्यासारखी होई. रविवारच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी त्रास, मंगळवारी कमी. डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात तिथे पाहणी केली आणि या रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. आधी एखाद्या सोमवारी, मग दर सोमवारी, मग इतर दिवशीही, आणि शेवटी कायमची धाप. रोगाचं नाव बिसिनोसिस. कारण नुसता कापसाचा तंतू नव्हे; त्यात मिसळलेला वाळक्या पानांचा चुरा आणि त्यावर वाढलेल्या जीवाणूंचं विष. त्यानं श्वासनलिका आवळतात. दगडाच्या धुळीसारखे डाग पडत नाहीत, त्यामुळे एक्स-रेत बहुधा काही दिसत नाही. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांचा पाच वर्षं पाठपुरावा करून १९८१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेव्हा अब्बा जिनमध्येच होते.

अब्बांना धाप लागायला लागली तेव्हा मी कॉलेजात होतो. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. "क्षय नाही, साधा दमा आहे, बिडी सोडा," म्हणाले. अब्बा बिडी ओढत, हे लपवण्यात अर्थ नाही. बिडीनं हा रोग बळावतो, हेही खरं. पण धंदा काय, हे कुणी विचारलं नाही. अम्मी त्यांना गूळ देई. गूळ धूळ खाली नेतो असा आमच्याकडे समज. घशातलं झाकण गूळ अन्ननलिकेत पाठवतं आणि धूळ गेलेली असते श्वासनळीत, हे अम्मीला कोण सांगणार? आणि सांगून तरी काय, त्या घरात दुसरं औषध काय होतं? श्वासनलिकेत बारीक केस असतात. ते चिकट द्रवावर बसलेली धूळ वर घशाकडे लोटत राहतात. जो काही बचाव होता, तो त्या केसांनी केला.

अब्बा १९९७ मध्ये गेले. त्यानंतर मी कागद शोधले. कामगार राज्य विम्याच्या १९४८ च्या कायद्याला जोडलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत कापसाच्या धुळीचा हा रोग नावानिशी होता. वाचून मला हुरूप आला. मग त्याच कायद्यातली हंगामी कारखान्यांची व्याख्या वाचली. हंगामी कारखान्यांना तो कायदा लागू नव्हता आणि त्या व्याख्येतला पहिलाच धंदा होता कापसाचं जिनिंग. म्हणजे रोग एका पानावर मान्य, आणि तो ज्यांना व्हायचा त्यांतले आमच्यासारखे दुसऱ्या पानावर वगळलेले. नुकसानभरपाईचा वेगळा कायदा होता, पण त्यासाठी रोगाचं नाव लिहिलेला कागद हवा आणि हजेरीपटावर माणसाचं नाव हवं. अब्बांची हजेरी ठेकेदाराच्या खिशातल्या वहीत.

जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या पर्यावरण विभागातल्या संशोधकांनी जिनमधल्या कामगारांच्या फुप्फुसांची क्षमता मोजली आणि २०१३ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. धुळीत काम न करणाऱ्यांच्या तुलनेत या कामगारांची क्षमता घटलेली आढळली. त्या विद्यापीठाला आता बहिणाबाई चौधरींचं नाव आहे, जिचं आयुष्य कापसाच्या शेतात गेलं. निबंध हाती आला त्या रात्री मी तो दोनदा वाचला. बी. ए. झालेल्या माणसाला त्यातले आकडे सगळे कळले असं नाही.

मागच्या हिवाळ्यात अब्बांबरोबर जिनमध्ये रेच्यावर असलेले एक काका भेटले. ऐंशीच्या पुढचे, ओट्यावर उशीला टेकून बसलेले. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी बाजाराच्या दिवशी असे. सोमवारचं काही विचारण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं, "काका, छाती कधी आवळायची तुमची? एखादा ठरावीक दिवस..." माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत ते म्हणाले, "बाजारना दुसरा दिन. छाती भरी उनी म्हणजे समजानं, काल बाजार व्हता. तुना बापनं बी तसंच."