गुऱ्हाळाला धुराडे, चुलीला फुंकणी

१/ तासगाव म्हटले की द्राक्षे, बेदाणे आणि गणपती मंदिराचे सात मजली गोपूर डोळ्यांसमोर येते. आजचा धागा मात्र त्याच परिसरातील एका दुर्लक्षित बांधकामाविषयी आहे : धुराडे. गुळाच्या भट्टीला जे लाभले, ते घरच्या चुलीला का लाभले नाही?

२/ कृष्णा-येरळेच्या काठचे एखादे गुऱ्हाळ पाहा. चुलवाणावर काहील, तोंडाशी वाळलेली चिपाडे सारणारा जळव्या आणि दुसऱ्या टोकाला विटांचे उंच धुराडे. तापलेला वायू हलका होऊन वर चढतो. त्याची जागा घेण्यासाठी चुलवाणाच्या तोंडातून ताजी हवा आत येते आणि जाळ काहिलीखालून पुढे ओढला जातो. धुराडे भट्टीला श्वास पुरवते. ही ओढ धुराड्याच्या उंचीवर आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरकावर ठरते.

३/ आता घराकडे वळू. धाब्याच्या छपराला साणे असे. कौलारू घरात धूर कौलांच्या फटींतून वाट काढी. पण छपरातले भोक म्हणजे धुराडे नव्हे. धूर आधी स्वयंपाकघरभर पसरे, मग बाहेर जाई. ओढ नसल्यामुळे जाळ पेटता ठेवण्याचे काम फुंकणीवर, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीवर येई.

४/ मग चुलीवर मोठे धुराडे बांधले की झाले? तसेही नाही. युरोपात शतकानुशतके प्रशस्त धुराडी होती आणि घरे तरीही धुराने भरत. काउंट रम्फर्ड याने १७९६ च्या निबंधात उपाय सांगितला : धुराड्याचा गळा अरुंद करा.

५/ हाच नियम आजही लागू आहे. थंड हवेच्या ठिकाणच्या जुन्या बंगल्यांत उघड्या शेकोटीसाठी बांधलेली विटांची धुराडी आढळतात. तिथे लाकडाची बंद लोखंडी शेगडी जोडली, तर तिचा थोडासा धूर त्या रुंद पोकळीत मंदावतो, थंड होतो आणि भिंतींवर डांबरासारखा थर धरतो. हा थर पेट घेऊ शकतो. म्हणून शेगडीच्या तोंडाच्या मापाची नळी जुन्या धुराड्यातून थेट माथ्यापर्यंत नेतात आणि खालची उरलेली फट बंद करतात. चूल आणि धुराडे एकमेकांच्या मापाचे असावे लागतात.

६/ भारतीय चुलीसाठी हा मेळ साधण्याचा एक आरंभीचा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या वर्ध्यातील मगनवाडीतून ‘मगन चूल’ पुढे आली. १९५३ मध्ये हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी निर्धूर स्वयंपाकघरांविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. १९८३ मध्ये कर्क स्मिथ आणि सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला येणारा धूर मोजून मांडला.

७/ त्याच दशकात केंद्र सरकारचा सुधारित चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. त्यांतील बऱ्याच लवकरच निकामी झाल्या. नळीत काजळी साचली, ती काढायची कोणी हे ठरले नव्हते. भांडी मोठी, चुलीची तोंडे लहान, म्हणून ती फोडून वाढवली गेली आणि मेळ बिघडला. २००२ च्या सुमारास कार्यक्रम गुंडाळला गेला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. तरी सिलिंडर परवडेनासा झाला की अनेक घरांत चूल पुन्हा पेटते.

८/ गुऱ्हाळाचे धुराडे तुंबले की त्याच दिवशी साफ होते, कारण जाळ मंदावला तर गूळ बिघडतो आणि तोटा हिशेबाच्या वहीत दिसतो. स्वयंपाकघरातल्या धुराचा तोटा मात्र कोणत्याच वहीत लिहिला गेला नाही. ज्ञान शेतातल्या भट्टीपर्यंत पोहोचले होते. घराच्या उंबऱ्याशी ते अडले, असे मला वाटते.

९/ तुमच्या गावच्या जुन्या घरात धूर कुठून बाहेर जाई? आजीला विचारा आणि तिचे उत्तर इथे नक्की लिहा. हा इतिहास बव्हंशी तिच्याच आठवणीत उरला आहे.