घटसर्प : एका विसरलेल्या रोगाची गोष्ट

गावाकडे घटसर्प म्हटले की लोकांना गुरांचा रोग आठवतो. तो वेगळा, त्याचा जंतूही वेगळा. माणसाच्या घटसर्पाला डॉक्टर डिप्थीरिया म्हणतात. मध्यंतरी नात्यातल्या एका खालाजान नातवाला लस द्यायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, "बेटा, हा रोग पाहिलाय कुणी?" मला उत्तर देता आले नाही, म्हणून मी इतिहास उघडला.

स्पेनमध्ये 1613 हे साल 'गळा आवळणाऱ्या रोगाचे वर्ष' म्हणून ओळखले जाते. घशात राखाडी, चिवट पडदा धरतो, श्वास कोंडतो आणि मूल डोळ्यांदेखत गुदमरते. त्या पडद्यावरूनच फ्रेंच डॉक्टर ब्रेतोनो यांनी 1826 मध्ये रोगाला चामडे या अर्थाच्या ग्रीक शब्दाचे नाव दिले. महालही सुटले नाहीत. 1878 मध्ये राणी व्हिक्टोरियाची मुलगी अ‍ॅलिस आजारी मुलांची सेवा करता करता स्वतःच या रोगाने गेली. तिची धाकटी लेक आधीच गेली होती.

क्लेब्स यांनी 1883 मध्ये जंतू पाहिला, लोफ्लर यांनी पुढच्या वर्षी तो वाढवून दाखवला. पण जंतू घशातच राहतो, मग हृदय आणि नसा का बिघडतात? 1888 मध्ये रू आणि येर्सँ यांनी दाखवले की जंतू विष सोडतो आणि ते रक्तातून पसरते. 1890 मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी या विषावर उतारा शोधला. पुढे तो घोड्यांच्या रक्तातून मिळू लागला. 1901 चे वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल बेहरिंग यांना याच कामासाठी मिळाले. 1923 मध्ये रामों यांनी फॉर्मलिन आणि उष्णतेने विषाची नांगी काढली. त्यातूनच आजची लस आली.

आपल्याकडे ही लस 1978 पासून सरकारी कार्यक्रमात आहे. म्हणूनच खालाजानने रोग पाहिलेला नाही. पण रोग गेलेला नाही. खोकल्या-शिंकेतून तो आजही पसरतो. 2016 मध्ये केरळच्या मलप्पुरममध्ये लस न घेतलेली मुले त्याने दगावली. तो जिल्हा मुस्लिमबहुल आहे, हे लिहिताना मला त्रास होतो, पण लपवून काय मिळणार?

तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणे नव्हे. मी हे सारे खालाजानना सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सुई कोणत्या दिवशी असते?"