आरमाराची शाळा, आणि तिथे न गेलेला नेल्सन

तुमच्या घरात बारा वर्षांचं कोणी आहे का? भाऊ, भाची, शेजारचा पोरगा? त्याला डोळ्यांसमोर ठेवा आणि ऐका.

साल 1771. इंग्लंडमध्ये चॅटमच्या गोदीजवळ एक युद्धनौका उभी आहे. तिच्यावर बारा वर्षांचा एक मुलगा दाखल होतो. आई वारलेली, वडील गावातल्या चर्चचे पाद्री. जहाजाचा कप्तान त्याचा सख्खा मामा. मुलाचं नाव होरेशिओ नेल्सन. हो, ट्रफाल्गरवाला नेल्सन!

मला आधी वाटायचं, तेव्हा नौदलाची शाळाच नसेल. पण होती की! पोर्ट्समथच्या गोदीत 1733 पासून रॉयल नेव्हल अकॅडमी चालू होती. जागा जेमतेम चाळीस. गणित, नौकानयन, चित्रकला, फ्रेंच, तलवारबाजी, अगदी नाचसुद्धा शिकवायचे. जेन ऑस्टिनचे दोन भाऊ तिथेच शिकले. तरी बहुतेक कप्तान या शाळेतल्या मुलांकडे नाक मुरडायचे. त्यांचं म्हणणं, पोरगं डोलकाठीवर चढून शिकतं, बाकावर बसून नाही.

आता यात तथ्य होतं. वादळात शीड गुंडाळायला पुस्तक कामाला येत नाही. पण दुसरी बाजूही बघा. शाळेच्या मुलाला घेतलं, तर आपल्या भाच्या-पुतण्याला जागा कुठून द्यायची? जहाजावर कोणती पोरं घ्यायची, हे बऱ्याच अंशी कप्तानच ठरवायचा. म्हणजे वशिला आलाच.

लेफ्टनंट व्हायचं तर सहा वर्षं समुद्रावर काढायची, वय वीस हवं, आणि मग कप्तानांसमोर तोंडी परीक्षा. आता गंमत ऐका. थॉमस कॉकरेनचं नाव त्याच्या काकाने जहाजाच्या हजेरीपटावर चढवलं, तेव्हा तो पाच वर्षांचा होता. पोरगं घरी, आणि ‘समुद्रावरची वर्षं’ कागदावर मोजली जातायत! नेल्सनने 1777 मध्ये परीक्षा दिली, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. प्रमाणपत्रात वय विसाच्या वर लिहिलंय. आणि परीक्षकांमध्ये कोण? मामा!

नेल्सन हुशार नव्हता असं मी म्हणत नाहीये. पण शेजारी जेम्स कुकला उभं करा. शेतमजुराचा मुलगा. 1755 मध्ये साधा खलाशी म्हणून भरती झाला, नकाशे काढण्यात कोणाला हार गेला नाही, तरी लेफ्टनंट व्हायला 1768 उजाडलं. वय एकोणचाळीस. मला खटकतं ते हे. पोहायला येत असूनही काठावर किती जण राहिले असतील, त्यांची नावं हजेरीपटात नाहीत.

गोदीतले सुतारही असेच हाताने शिकायचे. सात वर्षं उमेदवारी, उस्तादाच्या नजरेखाली. चॅटमलाच 1759 ते 1765 दरम्यान बांधलेल्या ‘व्हिक्टरी’साठी सुमारे सहा हजार झाडं लागली, बहुतेक ओकची. पुढे नेपोलियनशी लढाया सुरू असताना ओक कमी पडू लागला, आणि आरमाराची नजर मुंबईच्या सागवानाकडे वळली.

मुंबईच्या गोदीत मुख्य जहाजबांधणीकार होते जमशेटजी बोमनजी वाडिया. त्यांच्या घराण्यात ही विद्या बापाकडून मुलाकडे यायची. पूर्वज लवजी 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले होते. इंग्लंडहून एका फ्रिगेटचे नकाशे पाठवले, पण ते ज्या ‘जावा’ जहाजावर होते तेच 1812 मध्ये अमेरिकन युद्धनौकेशी लढताना गेलं! दुसरे नकाशे आले, आणि 1817 मध्ये मुंबईत ‘त्रिंकोमाली’ पाण्यात उतरली.

हे जहाज अजून तरंगतंय. इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात. 1897 मध्ये ते भंगारात निघालं होतं, तेव्हा एका गृहस्थाने विकत घेतलं आणि पोरांना जहाजावरचं काम शिकवायला वापरलं. वाडियांच्या त्या सागवानी डेकवर 1986 पर्यंत मुलं शिकत होती.