कीचकाला घाबरलेलं सरकार

ठाण्यातल्या कोपरीच्या हौशी नाटकमंडळींत मी प्रॉम्प्टर. संहिता हातात असते, म्हणून खोड्याही माझ्याच नजरेला आधी पडतात. खाडिलकरांचं 'कीचकवध' (१९०७) त्या दृष्टीनं वाचावं. गोष्ट महाभारतातली, इंग्रजाचं नावही नाही; पण कीचकात कर्झन, द्रौपदीत देश आणि सबुरीच्या धर्मराजात मवाळ पुढारी प्रेक्षकांना लख्ख दिसले. भीम कोण, हे सांगायला नको!

सरकारनं मात्र नाटकावर लगेच बंदी घातली नाही. आधी जून १९०९मध्ये कविता छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना जन्मठेप, काळं पाणी. मग २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या. त्यानंतर लवकरच 'कीचकवधा'वर बंदी. त्यासाठीचा नाट्यप्रयोगांचा कायदा १८७६पासून तयारच होता. जॅक्सनच्या खुनाबद्दल कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना १९ एप्रिल १९१०ला फाशी झाली ती रुळांपलीकडे, आमच्या ठाण्याच्या तुरुंगात.

ओळींमागचा अर्थ शोधायची ही सरकारी सवय जुनीच. चीनमध्ये १०७९ साली कवी सू शी यालाही कवितांतले टोमणे शोधून अटक झाली, मग हद्दपारी. दरबारी टीकाकार फार बारकाईनं वाचतात. माझ्या मते, खाडिलकरांना सर्वांत चोख वाचलं ते सरकारनंच.