हशिलाचा हिशेब

घाटावरचे धान्य कोकणात उतरविण्याचा आणि बंदरी लागलेला माल देशावर चढविण्याचा व्यवहार जेव्हा लमाणांच्या बैलांच्या पाठीवर चालत असे, तेव्हा मालाच्या किमतीपेक्षा त्याच्या वाटेची किंमत अधिक अनिश्चित असे. कारण चारापाण्याची टंचाई, पावसाने बंद पडलेला घाट, चोरांचे भय आणि ठिकठिकाणी आडवे येणारे जकातीचे नाके या सर्वांचा अंदाज आधी बांधणे सामान्य व्यापाऱ्याच्या आवाक्यातले नव्हते. याच अडचणीने हुंडेकऱ्याच्या धंद्याला जन्म दिला. मालधन्याशी एकरकमी बोली करावी, वाटेतील जकात आपण भरावी आणि माल मुक्कामी सुखरूप पोहोचविण्याची हमी घ्यावी, हे त्याचे काम. त्यात बचत झाली तर ती त्याची आणि खोट आली तर तीही त्याचीच. व्यापाऱ्याला मात्र माल हलण्यापूर्वीच खर्चाचा आकडा कळे. अंतराचा भार कोणी, किती आणि केव्हा सोसावा, हा जो प्रश्न हुंडेकऱ्याने बोलीने सोडविला, तोच पुढे टपालखात्यापुढे आणि आज संगणकावर दुकान मांडणाऱ्यापुढे निरनिराळ्या वेषांत उभा राहिला आहे.

कंपनी सरकारच्या टपालाने आरंभी सगळे अंतर पत्र धाडणाऱ्या-घेणाऱ्यांच्याच माथी मारले. १७७४ साली वॉरन हेस्टिंग्जने सरकारी टपाल रयतेस खुले केले, तेव्हा दर शंभर मैलांस दोन आणे असा चढता दर बांधला गेला. १८३७ च्या कायद्याने टपालाचा मक्ता सरकारकडे आला, तरी वजन आणि अंतर ही दुहेरी चढण कायमच राहिली. कलकत्त्याहून मुंबईस तोळाभर वजनाचे पत्र धाडण्यास एक रुपया पडे. गरिबाने परगावच्या आप्ताची खुशाली पत्राने विचारावी, असा तो दर नव्हता.

त्याच १८३७ साली इंग्लंडात रोलंड हिल याने एक पुस्तिका लिहून या साऱ्या पद्धतीच्या मुळावरच घाव घातला. लंडनहून एडिंबरोस पत्र वाहून नेण्याचा प्रत्यक्ष खर्च पेनीचा केवळ छत्तिसावा भाग आहे, खरा खर्च पत्र घेणे, हशील ठरविणे, ते वसूल करणे आणि त्याचा जमाखर्च ठेवणे यांत जातो, असे त्याने आकड्यांनी दाखविले. मग अंतर मोजण्याचा खटाटोप कशासाठी? १८४० साली तेथे एक पेनीचा सरसकट दर सुरू झाला; पत्रांची संख्या वर्षभरात दुपटीहून वाढली, पण टपालाचा नफा पूर्वपदावर येण्यास मात्र अनेक वर्षे लागली. हिंदुस्थानात या विचाराचा पहिला प्रयोग मुंबई इलाख्याच्या कक्षेतील सिंध प्रांतात बार्टल फ्रियर याने १८५२ साली अर्ध्या आण्याचे तिकीट काढून केला, आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास, ते शेजारच्या गावी जावो की हिमालयाच्या पायथ्याशी, अर्धा आणा हा एकच दर साऱ्या मुलखास लागू झाला.

परंतु ही उदारता कागदापुरतीच होती. पुस्तके, औषधे, कापड नेणाऱ्या बंगीला, म्हणजे खांद्यावरच्या कावडीने चालणाऱ्या पार्सलच्या टपालाला, १८५४ च्याच कायद्याने वजनाबरोबर मैलांचाही हिशेब लावला. कारण तेथे वाहण्याचा खर्च नगण्य नव्हता. पुढे लोहमार्ग झाला, १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली, आणि माल नेणे स्वस्त झाले. तरीही खरेदीदार आणि विक्रेता यांच्यामधील अविश्वासाचे अंतर गाडीने तुटणारे नव्हते. ते १८७७ साली सुरू झालेल्या व्ही. पी. पद्धतीने तोडले. विक्रेत्याने पार्सलवर रक्कम लिहून द्यावी, पोस्टमनने ती दारात वसूल करावी आणि खात्याने ती विक्रेत्याकडे पोहोचवावी, अशी ही योजना. १८८० साली मनीऑर्डर आल्यावर पैशांच्या परतीची वाटही सुकर झाली. मराठी वृत्तपत्रांतून पुस्तके, औषधे आणि घड्याळे यांच्या जाहिरातींखाली ‘टपालहशील निराळे’ ही ओळ रूढ झाली. पार्सल नाकारले गेले, तर गेलेले हशील विक्रेत्याच्या अंगावर पडे. २०१० साली फ्लिपकार्टने माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय केली, तेव्हा ती अनेकांना नवी वाटली. वस्तुतः तिचे कुळ व्ही. पी.चेच होते.

आज दुकानदार दर बसवतो, तेव्हा त्याच्यापुढे सरसकट दर, वजनाचा दर, प्रदेशाचा दर आणि मोफत पोच असे चार मार्ग असतात. प्रदेश ठरतो तो पिनकोडने, जो श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवीच्या आणि टपाल अधिकाऱ्याच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आला. वजनही आता केवळ तराजूचे नसते. हलक्या पण मोठ्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरांत गुणून बहुधा पाच हजारांनी भागतात, आणि येणारा आकडा खऱ्या किलोंहून अधिक असेल, तर हशील त्याच्यावर आकारतात.

या चार मार्गांपैकी मोफत पोचेचे आकर्षण सर्वांत मोठे. परंतु तीत हशील नाहीसे होत नाही, किमतीत मुरते, आणि पुण्याचा गिऱ्हाईक नकळत गडचिरोलीच्या गिऱ्हाइकाचे भाडे भरतो. १८५४ साली सरकारनेही हेच केले, पण पत्रव्यवहार वाढणे हे लोकहिताचे असल्यामुळे ते समर्थनीय होते, आणि पाव तोळ्याच्या कागदाला वाहण्याचा खर्च जवळजवळ नव्हताच. लोणच्याच्या बरण्या किंवा पितळी समया विकणाऱ्याला यांपैकी कोणतीच सवलत नाही. त्याने सरसकट दर लावण्यापूर्वी आपल्या खर्चात वाहतुकीचा वाटा किती आणि बांधणी, नोंद व परतीचा किती, हे हिलप्रमाणे आधी तपासावे. पहिला वाटा लहान असेल तर अंतर खुशाल विसरावे, मोठा असेल तर मैल मोजण्याची लाज धरू नये.