पडशी, गोण आणि मोटारसायकल

पाठीवरचें ओझें दोहों बाजूंस सारखें लोंबलें पाहिजे, ही गोष्ट मराठी माणूस फार पूर्वींपासून जाणून आहे. पडशी या शब्दांतच ती आली आहे. पडशी म्हणजे दोन्ही टोकांस कप्पे असलेली पिशवी. ती घोड्यावर टाकावयाची तर खोगिराला तंग लागे आणि शेपटीखालून दुमची लागे. तंग खोगीर बाजूस कलूं देत नसे. दुमची उतारावर तें पुढें सरकूं देत नसे.

बीड जिल्ह्यांत हें ज्ञान चैनीचें नव्हतें. जिल्ह्याचा एक भाग बालाघाटाच्या पठारावर, तर दुसरा गोदाकांठच्या गंगाथडींत. घाटांतून गाडी नेणें कठीण. म्हणून धान्य व मीठ वाहण्याचें काम वंजारी आणि लमाण यांचे तांडे करीत. सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानें दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचें वर्णन लिहून ठेवलें आहे. गोण एकीकडे झुकली कीं बैलाची पाठ सोलवटे, आणि तसा बैल म्हणजे बुडालेलें भांडवल. रसद तुटली तर काय होतें, तें जिल्ह्याच्या सीमेलगतच्या खर्ड्यास मार्च 1795 मध्यें दिसलें. तेथें कोंडल्या गेलेल्या निजामाच्या फौजेला अन्नपाण्यावांचून तह करावा लागला.

रस्ते आणि आगगाड्या यांनीं एकोणिसाव्या शतकांत तांड्यांचा धंदा बसविला. बीड शहरांत मात्र आगगाडी येण्यास 17 सप्टेंबर 2025 हा दिवस उजाडावा लागला. तोंवर लहानसहान ओझें बैलगाडीनें, एस. टी.च्या टपावरून आणि पुढें पुढें मोटारसायकलवरून गेलें.

मद्रासची बुलेट 1955 पासून, म्हैसूरची जावा 1961 पासून आणि एस्कॉर्ट्सची राजदूत 1962 पासून या देशांत तयार होऊं लागली. कारखान्यांनीं मुख्यतः माणसें बसविण्याचा विचार केला होता. दुधाच्या किटल्यांचा नव्हे. तो विचार गांवोगांवच्या लोहारांनीं आणि वेल्डिंगवाल्यांनीं केला. दूधवाल्यांच्या राजदूतला दोहों अंगांस लावलेले लोखंडी सांगाडे महाराष्ट्रांत कोणीं पाहिले नाहींत?

जुन्या जावाला कातड्याच्या पिशव्या लावणें हें काम त्याहून नाजूक. या गाडीला सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन, दोहों बाजूंस एकेक. पिशवी खालीं आली कीं कातडें करपतें. फार वर नेली तर गाडीचा तोल जातो. ओझें शक्य तितकें मागच्या आंसाच्या पुढें राहावें. मागें गेल्यास पुढचें चाक हलकें होऊन हँडल डुलूं लागतें.

खरी चूक होते ती पट्टी बसवितांना. मागच्या शॉक अॅब्सॉर्बरचें वरचें टोंक सांगाड्यास जोडलेलें असतें, तें स्थिर. खालचें टोंक चाकाबरोबर वरखालीं होतें. एक पट्टी वर आणि दुसरी खालीं अडकविली तर प्रत्येक खड्ड्यांत ती पिळली जाते आणि थोड्याच दिवसांत तुटते. तेव्हां पट्टीचे सर्व आधार स्थिर भागांवरच हवेत: वरचा बोल्ट, मागच्या पायदानाचा आधार, मडगार्डचा आधार. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या नंबरपाटीखालून आडव्या पट्टीनें एकमेकींस जोडाव्या लागतात. नाहीं तर भरलेली पिशवी आंत झुकून आऱ्यांत शिरते. चालत्या गाडीचें चाक असें अडकलें तर स्वाराचा जीवच धोक्यांत. पुढच्या अंगास एक पट्टा ओढून बांधतात. ब्रेक लावतांच पिशवी पुढें धांवत नाहीं ती मागच्या बांधामुळें. तंग आणि दुमची येथें लोखंडाच्या रूपानें पुन्हा आलीं, एवढेंच.

कातड्याच्या शिलाईचें कौतुक सगळे करतात; खालच्या पट्टीकडे क्वचितच कोणाची नजर जाते. जाणता कारागीर मूळ सांगाड्याला छिद्र पाडीत नाहीं कीं वेल्डिंगचा टांका मारीत नाहीं. वेल्डिंगच्या उष्णतेनें जुनी पातळ नळी कमकुवत होते, आणि म्हैसूरचा कारखाना 1996 सालीं बंद पडल्यामुळें तेथून दुसरी मिळण्याची आशा नाहीं. म्हणून तो आधीं पुठ्ठ्याचा नमुना कापतो, गाडीवर दोन माणसें बसवून स्प्रिंग दाबून पाहतो, मगच लोखंडाला हात घालतो. मधें रबराच्या चकत्या घालून सगळें मूळच्याच बोल्टांवर बसवितो. ते बोल्ट काढून पट्ट्या उतरविल्या कीं गाडी पुन्हा कारखान्यांतून आली तशी उभी.